अंगावरून वारं गेलं तर : भोर-वेल्ह्यातून पुण्यापर्यंतचा वेळ आणि खर्च

पक्षाघाताचा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेत गेलं, तर माणूस पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहण्याची शक्यता बरीच वाढते. कात्रजला राहणाऱ्याला साडेचार तास भरपूर आहेत. केळद, पासली, हिर्डोशी किंवा भाटघरच्या पाण्यापलीकडच्या भुतोंड्यातल्या माणसाला ते पुरतीलच असं नाही. आणि बहुतेक वेळा हे तास रस्त्यावर जात नाहीत, घरातच जातात. ‘जरा पडू द्या, उतरेल’ म्हणण्यात एक तास, पुण्या-मुंबईच्या मुलांना फोन लावून त्यांचा निर्णय येईपर्यंत एक तास, जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून वाट बघण्यात आणखी एक.

म्हणून भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या घरांसाठी हा हिशेब मांडतो आहे. रोग ओळखायचा कसा, गाडी येईपर्यंत काय करायचं, न्यायचं कुठं आणि पैसे किती लागतील, एवढ्या चार गोष्टी. खर्चाचे आकडे पुण्याच्या खासगी रुग्णालयांचे ढोबळ अंदाज आहेत. रुग्णालय, खोली आणि रुग्णाची अवस्था यांप्रमाणे ते वर-खाली होतात.

ओळख

हात-पाय लुळे पडतात म्हणून लोक हात-पाय चोळत बसतात. बिघाड असतो मेंदूत. पाटात बोळा बसला की खालची खाचरं कोरडी पडतात, तसं रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा मेंदूचा भाग रक्तावाचून मरू लागतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी जातात. बहुतेक झटके असे गुठळीचे असतात. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलटे. कोणता झटका आहे हे सीटी स्कॅनशिवाय मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

तपासणी घरातल्या कुणालाही करता येते. माणसाला दात दाखवायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळली आहे का बघा. मग डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा, तळवे वर, आणि मनात दहापर्यंत मोजा. एक हात खाली येऊ लागला किंवा उचललाच गेला नाही, तर खूण पक्की. मग एक साधं वाक्य म्हणून घ्या: ‘आज आमच्या खाचरात लावणी आहे.’ शब्द बोबडे येतात का, भलतेच येतात का, की आपण काय सांगतोय तेच कळत नाही? या तिन्हींपैकी एक गोष्ट दिसली तरी पुरे. तिन्हींची वाट पाहू नका. याखेरीज एकाएकी तोल जाणं, एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक कमी दिसणं, एकाचे दोन दिसणं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखणं, याही खुणा आहेत.

या सगळ्यात ‘अचानक’ हा भाग महत्त्वाचा. महिनाभर हाताला मुंग्या येतात ही वेगळी तक्रार झाली. सकाळी गोठ्यात धार काढताना चरवी हातातून सुटली आणि पुन्हा पकडताच येईना, तर तो झटका धरून चालायचं. बहुतेकांना काही दुखत नाही. छातीत कळ आली की घर हलतं. इथं मात्र दुखत नाही म्हणून सगळे शांत राहतात.

कधीकधी लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जातात. माणूस उठून चहा मागतो आणि घरच्यांना वाटतं, देवानं वाचवलं. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत धोका सगळ्यात जास्त. तेव्हाही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. असा इशारा मिळून वेळेत औषध सुरू झालेला माणूस नशीबवान म्हणायचा.

गाडी येईपर्यंत

पहिली गोष्ट, घड्याळ बघा. झटका कधी आला याइतकंच ‘हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला’ याला महत्त्व आहे. रात्री नऊला जेवून झोपला आणि पहाटे पाचला तोंड वाकडं दिसलं, तर डॉक्टर वेळ रात्री नऊपासून धरतात, पाचपासून नाही. पहाटे दोनला तो उठून बाहेर जाऊन आला हे कुणी पाहिलं असेल तर पाच तास वाचतात. म्हणून घरात, शेजारी विचारा आणि ती वेळ पेनानं तळहातावर लिहा. धावपळीत तोंडी वेळ बदलत जाते. झोपेत झटका आला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. मोठ्या केंद्रात विशेष स्कॅन करून अशांनाही काही वेळा उपचार देता येतात.

मग १०८ ला फोन. २०१४ पासून राज्यात ही सेवा मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गावाचं नाव सांगताना जवळचा फाटा, वाडी, शाळा किंवा मंदिर सांगा आणि ‘लकव्याचा झटका आहे, एवढ्या वाजता आला’ हे स्पष्ट बोला. वेल्ह्याच्या पश्चिमेला आणि हिर्डोशी खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. तिथं रेंज मिळणारी जागा घरातल्या पोरांनाही माहीत असायला हवी.

गाडी यायला फार वेळ आहे असं कळलं तर थांबू नका. गावातली जीप, बोलेरो, जी असेल ती काढा. चालकाशेजारी बसवून नेऊ नका. मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, डोकं मागे बसलेल्याच्या मांडीवर, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. कवळी काढा, गळ्याजवळची बटणं सोडा. झटके येऊन शरीर आखडत असेल तर तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका. श्वासच थांबला तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि सर्वांत जवळचं रुग्णालय गाठा.

आता जे करायचं नाही ते. मी यावर मुद्दाम रेंगाळतो आहे, कारण प्रेमापोटी केलेल्या याच गोष्टी माणसाला बाधतात.

पाणी, चहा, साखरपाणी, काहीही तोंडातून देऊ नका. झटक्यात गिळण्याची ताकद गेलेली असते. घोटभर पाणी फुप्फुसात उतरतं आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. लकव्यातून वाचलेली कितीतरी माणसं या न्यूमोनियानं जातात.

जिभेखाली गोळी ठेवू नका. छातीत दुखल्यावर वापरायची सॉर्बिट्रेट नको आणि रक्तदाब झटकन उतरवणारी कॅप्सूल फोडून घालणं तर नकोच. यंत्रावर १८० आकडा दिसला की घरचे घाबरतात. पण गुठळीच्या पलीकडे रक्त ढकलायला शरीरानंच दाब वाढवलेला असतो. तो एकदम पाडला तर वाचू शकणारा मेंदूही मरतो. इंजेक्शनच्या आधी दाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो, पण ते रुग्णालयात, हळूहळू, नजरेखाली. अ‍ॅस्पिरिनही सीटी होईपर्यंत नाही. रक्तस्राव असेल तर ती विष ठरते.

मधुमेही माणूस असेल आणि घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर मोजा. साखर फार खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. आकडा लिहून घ्या आणि १०८ च्या डॉक्टरांना सांगा.

तेल लावून चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, कुठल्याशा गावी ‘लकव्याचं औषध’ मिळतं म्हणून गाडी तिकडे वळवणं, यावर माझं मत कडक आहे. पहिल्या दिवशी यातलं काहीही करणं म्हणजे उपचाराची वेळ हातानं घालवणं. यातले काही रुग्ण आपोआप सुधारतात, तसेही सुधारलेच असते. त्यांची नावं पंचक्रोशीत फिरतात आणि न सुधारलेले घरात पडून राहतात, ते कुणाला दिसत नाहीत.

कुठं न्यायचं

केळदहून निघालेल्याचा वेळ मांडून बघू. सकाळी सहाला झटका. सव्वासहाला घरच्यांच्या लक्षात आलं. गाडी मिळून निघेपर्यंत पावणेसात. वेल्हे साडेसात. नसरापूर सव्वाआठच्या पुढे. महामार्ग, खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजचा बोगदा पार करून रुग्णालयाच्या दारात सव्वानऊ. दारापासून इंजेक्शनपर्यंत, सीटी आणि रक्ताच्या तपासण्या धरून, चांगल्या रुग्णालयातही तासभर लागतो. म्हणजे सव्वादहा. मुदत संपते साडेदहाला. हातात उरली पंधरा मिनिटं, तीही वाटेत कुठंही न थांबता.

भोर शहरातून निघणाऱ्याला कापूरहोळमार्गे कात्रजपर्यंत साधारण सव्वा तास. त्यामुळे भोरच्या माणसाला मुदतीत पोहोचणं सहज जमतं, फक्त निघायला हवं.

भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी जावं का? माणूस बेशुद्ध असेल, श्वास घरघरत असेल, सतत उलट्या होत असतील तर हो, आधी तिथं. श्वास आणि शिरेची लाइन सांभाळून तेच १०८ नं पुढे पाठवतील. माणूस शुद्धीत असेल, श्वास नीट असेल, तर थेट तिथं जा जिथं चोवीस तास सीटी स्कॅन आहे, गुठळीचं इंजेक्शन साठ्यात आहे आणि मेंदूविकारतज्ज्ञ बोलावल्यावर येतो. या तीनपैकी एक नसेल तर तिथून पुन्हा हलवावं लागतं आणि तास जातो.

महामार्गानं पुण्यात शिरताना धनकवडीचं भारती रुग्णालय आणि नऱ्ह्याचं काशीबाई नवले रुग्णालय ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं सर्वांत आधी लागतात. ससून स्टेशनजवळ, म्हणजे शहर ओलांडून. पानशेतच्या बाजूचे लोक सिंहगड रस्त्यानं येतात, वेल्ह्याचे काहीजण पाबे घाटातून. रविवारी आणि पावसाळ्यात खडकवासल्याच्या चौपाटीवरची गर्दी अर्धा तास सहज खाते, नवले पुलाजवळही तेच. त्या दिवशी वाट निवडताना हे ध्यानात ठेवा. यांपैकी कुठंही, किंवा तुमच्या विमा कंपनीच्या यादीतल्या रुग्णालयात, आजच फोन करून वरचे तीन प्रश्न विचारा. चौथा प्रश्न: तारेनं गुठळी ओढून काढण्याची सोय आहे का? मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तो उपचार लागतो. तो साधारणपणे सहा तासांत करतात, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही.

खर्च

१०८ चा खर्च शून्य. खासगी रुग्णवाहिका भोरहून पुण्याला काही हजार रुपये घेते, व्हेंटिलेटर असेल तर आणखी. दर निघण्याआधी ठरवून घ्या.

मेंदूचा साधा सीटी स्कॅन खासगीत २,००० ते ३,५०० रुपये, एमआरआय ५,००० ते ९,०००. इंजेक्शनची किंमत वजनावर ठरते. साठ किलोच्या माणसाला टेनेक्टेप्लेज १५ मिलिग्रॅम लागतं आणि ते एकाच वेळी शिरेतून देतात. अल्टेप्लेज ५४ मिलिग्रॅम लागतं, थोडं आधी आणि उरलेलं तासभर सलाइनसारखं. कोणतं वापरलं त्यावर २५,००० ते ६०,००० रुपये धरा. टेनेक्टेप्लेज आपल्याच हिंजवडीतली जेनोवा ही कंपनी बनवते आणि २०२२ पासून ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पुढचे दोन-तीन दिवस अतिदक्षता विभाग, दिवसाला ८,००० ते २५,०००. सगळं धरून पाच-सहा दिवसांचं बिल दीड ते साडेतीन लाखांपर्यंत जातं. तारेचा उपचार लागला तर पाच ते आठ लाख.

इंजेक्शनआधी डॉक्टर सही मागतात. त्यात धोका असतो: शंभरात सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. फायदाही मोजलेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मूळ अभ्यासात इंजेक्शन मिळालेल्यांना तीन महिन्यांनी जवळजवळ धड असण्याची शक्यता न मिळालेल्यांपेक्षा किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. हे दोन्ही आकडे आधीच माहीत असले तर सही करायला अर्धा तास लागत नाही. सही करू शकणारा माणूस गाडीतच हवा. मुंबईहून मुलगा येईपर्यंत मुदत संपते.

आता दुसरा हिशेब. वेळ टळली, माणूस वाचला पण अंथरुणाला खिळला. बारा तासांची मदतनीस महिन्याला १५,००० ते २०,०००. डायपर ३,००० च्या आसपास. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका वेळेचे ४०० ते ६०० घेतो, महिन्यात वीस वेळा आला तरी किमान ८,०००. औषधं, हवेची गादी, नळी, वेगळं. महिन्याला तीस हजारांच्या घरात, वर्षाला साडेतीन लाख. आणि हे एका वर्षाचं. गावात मदतनीस मिळत नाही, मग सून किंवा मुलगी घरी बसते आणि तिचा रोज बुडतो. तो कुठल्याच बिलात येत नाही.

पैसे कुठून

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या, सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या रुग्णालयात. दाखल होतानाच ‘आम्ही योजनेत येतो’ सांगा आणि आरोग्यमित्राला गाठा. रोख भरणारा रुग्ण म्हणून नोंद झाली की नंतर योजनेत वळवणं अवघड जातं. रात्री आरोग्यमित्र जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन करा. तातडीच्या रुग्णाची सूचना फोनवर देता येते. इंजेक्शन आणि तारेचा उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो का, हे आधीच्या फोनमध्येच विचारून ठेवा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वयवंदना कार्ड आहे, तेही ५ लाखांचं. आधार घेऊन काढून ठेवा. झटका आल्यावर काढायला वेळ नसतो.

धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला दाखल करून प्रकृती स्थिर करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, अनामत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दरवर्षी काढून ठेवणं इथं उपयोगी पडतं.

भोर-वेल्ह्याची शासकीय रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सार्वजनिक आरोग्य विभागाची आहेत. तिथं १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळं मोफत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तो निर्णय तिथं लागू नाही. तरी दर खासगीच्या मानानं फारच कमी.

झटक्याआधी आणि नंतर

फिजिओथेरपी पहिल्या तीन महिन्यांत जितकी होईल तितकी करा. सुधारणा तेव्हाच सगळ्यात वेगानं होते. आठवड्यातून दोनदाच थेरपिस्ट परवडत असेल तर त्याच्याकडून व्यायाम शिकून उरलेले दिवस घरच्यांनी घ्यावेत. अपंगत्व राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा, संजय गांधी निराधार योजनेसाठी तलाठ्याकडे विचारा.

आणि रक्तदाब. लकव्याचं सर्वांत मोठं कारण तेच. दाबाची साधी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे, जनऔषधी दुकानात दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आसपास. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून लावणीच्या धांदलीत गोळी बंद करणारे बाबा-आजी प्रत्येक वाडीत आहेत. आशाताईंना सांगून महिन्याला एकदा दाब मोजून घ्या. तंबाखू आणि मिश्री सोडता आली तर त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

आज संध्याकाळी एवढं करा. दोन रुग्णालयांना फोन करून चार प्रश्न विचारा. आधार, रेशनकार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. १०८, १५५३८८, निवडलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या गावातल्या दोन चालकांचे नंबर एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. घरात म्हातारी माणसंच राहत असतील तर शेजारच्यांनाही तो कागद कुठं आहे ते दाखवून ठेवा.